नवअभिजात काळातील स्त्रियांचा पोशाख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवअभिजात काळ म्हणजे नेमका कोणता काळ?

युरोपच्या कलेत नवअभिजाततावादाची सुरुवात साधारणपणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून धरतात. इटलीत ज्वालामुखीने गाडलेल्या प्राचीन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. पुढे जर्मन अभ्यासक व्हिंकेलमान यांचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ग्रीक-रोमन साधेपणाची ओढ आधी इमारतींत, मग फर्निचरमध्ये आणि भांड्यांवरच्या नक्षीत दिसू लागली. कपड्यांपर्यंत पोहोचायला तिला आणखी वीसेक वर्षे लागली. म्हणून पोशाखाच्या इतिहासात हा काळ थोडा पुढे, म्हणजे १७८० च्या सुमारापासून १८२० च्या सुमारापर्यंत, मोजणे सोयीचे ठरते. येथील उत्तरे मुख्यतः फ्रान्स आणि इंग्लंडमधील सुखवस्तू स्त्रियांच्या कपड्यांविषयी आहेत, कारण बदल तेथे घडला आणि त्याचा पुरावाही तेथेच सर्वाधिक टिकला.

त्याआधी स्त्रिया काय घालत असत?

दरबारी आणि श्रीमंत स्त्रीचा पोशाख म्हणजे जवळजवळ एक बांधकामच होते. आत देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या घालून शिवलेली ताठ काचोळी, कमरेच्या दोन्ही बाजूंना घागरा आडवा पसरवणारा ‘पानिए’ नावाचा सांगाडा, त्यावर भरजरी रेशीम आणि डोक्यावर पावडर लावून उंच रचलेले केस असा सगळा सरंजाम असे. पानिए फार रुंद असला तर दारातून आडवे होऊन जावे लागे. १७७० च्या दशकात, विशेषतः इंग्लंडमध्ये, रोजच्या वापरासाठी सुटसुटीत झगे येऊ लागले होते. त्यामुळे १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने एका रात्रीत जुना पोशाख फेकून दिला, ही समजूत बरोबर नाही. त्याचा डोलारा क्रांतीच्या आधीच कलू लागला होता.

बदलाची सुरुवात राणीपासून झाली हे खरे का?

हे अर्धे खरे आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे एक व्यक्तिचित्र एलिझाबेथ विजे ल ब्रं या चित्रकर्तीने १७८३ च्या पॅरिस सालोंमध्ये, म्हणजे तेथील मोठ्या चित्रप्रदर्शनात, मांडले. त्यात राणीने पांढऱ्या मलमलीचा, गळ्याशी चुण्या घातलेला आणि कमरेला नुसत्या पट्ट्याने बांधलेला सैल झगा घातला होता व डोक्यावर गवती टोपी होती. लोकांनी गदारोळ केला. राणी आतल्या कपड्यांत चित्रासाठी बसली, हा एक आक्षेप होता; आणि फ्रान्सच्या राणीने लियाँचे रेशीम टाकून परदेशी सुती कापड अंगावर घ्यावे, हा दुसरा. चित्र उतरवावे लागले आणि त्याच्या जागी त्याच ढंगातील, पण रेशमी पोशाखातील चित्र लावण्यात आले. झग्याला मात्र ‘शमीज अ ला रेन’, म्हणजे राणीची शमीज, हे नाव चिकटले. मराठी घरांत मुलींच्या आतल्या झग्याला जे समीज म्हणतात, तो शब्द याच कुळातला आहे. त्यावरून पॅरिसकरांना राणीच्या चित्रात नेमके काय खटकले असेल, याची कल्पना मराठी वाचकाला चटकन येईल.

अर्धे खरे म्हणण्याचे कारण असे की हा झगा राणीने शोधलेला नव्हता. कॅरिबियन बेटांवरील फ्रेंच वसाहतींत, विशेषतः सँ-दोमिंगमध्ये (आजचे हैती), उष्ण हवेमुळे पांढरे, सैल सुती कपडे आधीपासून वापरात होते आणि तेथून ही पद्धत पॅरिसला आली, असे पोशाखाचे अभ्यासक मानतात. पुढे याच पोशाखाची सर्वांत प्रसिद्ध मानकरी ठरलेली नेपोलियनची पत्नी जोसेफीन मार्तिनिक बेटावर जन्मली होती.

मग ग्रीक पोशाखाचा संबंध कोठे आला?

राणीचा झगा ग्रीक नव्हता. तो फक्त पांढरा आणि सैल होता. ग्रीक कल्पना वेगळ्या वाटेने आली. इटलीतील नेपल्सच्या दरबारातील ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन प्राचीन कलशांचे नामांकित संग्राहक होते. त्यांच्या घरी एमा, जी पुढे लेडी हॅमिल्टन झाली, ग्रीक धाटणीचा झगा घालून आणि हातात दोन-तीन शाली घेऊन पाहुण्यांसमोर प्राचीन मूर्तींच्या मुद्रा एकामागून एक साकारत असे. जर्मन कवी ग्योथे यांनी १७८७ मध्ये हा प्रयोग पाहिला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. रेबेर्ग या चित्रकाराने काढलेली त्या मुद्रांची रेखाटने १७९४ मध्ये छापली गेली आणि युरोपभर पोहोचली. पॅरिसमध्ये १७८८ मध्ये वर उल्लेखिलेल्या विजे ल ब्रं यांनीच घरी एक ‘ग्रीक मेजवानी’ दिली आणि आलेल्या मैत्रिणींना आपल्या चित्रशाळेतील कापडे गुंडाळून ग्रीक करून टाकले. खर्च मामुली होता, पण अफवा गावभर पसरत गेली तसतसा त्याचा आकडा फुगत गेला.

त्याच सुमारास जाक-लुई दाविद रोमन इतिहासावरील मोठी चित्रे रंगवत होते. त्या चित्रांतील स्त्रिया साध्या, चुणीदार, उंच बांधलेल्या वस्त्रांत होत्या. क्रांतीनंतर प्रजासत्ताकाला राजेशाहीचा वास नसलेला भूतकाळ हवा होता आणि तो रोम व अथेन्समध्ये आयता मिळाला. रंगभूमी आणि चित्रफलकांवरचा हा वेश १७९० च्या दशकात रस्त्यावर उतरला.

क्रांतीने कपड्यांविषयी काही कायदा केला होता का?

होय. २९ ऑक्टोबर १७९३ रोजी राष्ट्रीय सभेने ठराव केला की कोणत्याही नागरिकाला, स्त्री असो वा पुरुष, विशिष्ट प्रकारचा पोशाख करण्याची सक्ती कोणी करू शकणार नाही. क्रांतीचा तिरंगी बिल्ला मात्र बंधनकारक राहिला. या ठरावामागचे निमित्त रोचक आहे. क्रांतिकारी महिला मंडळाच्या सदस्यांनी इतर स्त्रियांना क्रांतीची खूण असलेली लाल टोपी घालायला लावू नये, अशी बाजारातील विक्रेत्या स्त्रियांची तक्रार होती आणि त्या वादातून हाणामारीपर्यंत वेळ आली होती. कपड्यांचे स्वातंत्र्य जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्त्रियांची राजकीय मंडळे बंद करण्यात आली, हा योगायोग नव्हता. पुढे नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी असा हुकूम काढला की पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीने आधी परवानगी घ्यावी. म्हणजे १७९३ चे स्वातंत्र्य किती आखूड दोरीला बांधलेले होते, हे सात वर्षांत स्पष्ट झाले.

त्या काळातील नमुनेदार झगा कसा दिसत असे?

सर्वांत मोठी खूण म्हणजे कंबर. १७९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झग्याची कमररेषा वर चढत छातीच्या लगेच खाली येऊन थांबली. तेथून कापड सरळ खाली पायांपर्यंत सुटे आणि मागे अनेकदा लांब शेपटासारखे जमिनीवर लोळे. बाह्या आखूड, गळा खोल, कापड पांढरी पातळ मलमल. सांगाडा गेला, उंच टाचांच्या जागी सपाट चपला आल्या, पावडर गेली आणि केस ग्रीक पद्धतीने मागे बांधले जाऊ लागले किंवा रोमन पुतळ्यांसारखे आखूड कापले गेले. आखूड केसांच्या या पद्धतीला रोमन नावावरून ‘तितुस’ म्हणत.

दिरेक्तवारच्या, म्हणजे पाच संचालकांच्या सरकारच्या काळात (१७९५ ते १७९९), पॅरिसमधील काही तरुणींनी ही तऱ्हा टोकाला नेली. त्यांना थट्टेने ‘मेर्वेयोझ’, म्हणजे अद्‌भुत स्त्रिया, म्हणत. तेरेझा तालियाँ ही त्यांच्यात अग्रेसर होती आणि ती पायांच्या बोटांत अंगठ्या घाली, अशी आख्यायिका आहे. जोडव्यांची सवय असलेल्या आपल्याकडील वाचकांना त्यात धक्कादायक काय, असा प्रश्न पडेल. पॅरिसमध्ये मात्र उघडे पाऊल हीच बातमी होती. दाविद यांनी १८०० मध्ये रंगवायला घेतलेले आणि अपुरेच राहिलेले मादाम रेकामिए यांचे चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. त्यात अनवाणी पाय, पांढरा झगा आणि रोमन घाटाचे लांब आसन यांखेरीज जवळजवळ काहीच नाही, आणि एवढ्यात सगळी फॅशन सांगून होते.

हा पोशाख खरोखर ग्रीक होता का?

नाही, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ग्रीक स्त्रीचे वस्त्र म्हणजे मागावरून उतरलेला आयताकृती कापडाचा तुकडा होता. तो दुमडून, खांद्यांवर टाचण्यांनी अडकवून आणि पट्ट्याने बांधून नेसला जाई. नेसणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण मराठीत नेसणे आणि घालणे या वेगळ्या क्रिया आहेत आणि हा भेद येथे नेमका लागू पडतो. पॅरिस-लंडनचा झगा नेसलेला नव्हता. तो बेतून, कापून, शिवून घातलेला होता. त्याला आत अस्तर असे, गळ्याशी व छातीखाली ओढून आवळायच्या नाड्या असत, पाठीचा भाग अतिशय अरुंद ठेवून बाह्या मागच्या बाजूला सरकवलेल्या असत, त्यामुळे खांदे आपोआप मागे खेचले जात. काही झग्यांचा पुढचा भाग एप्रनसारखा उचलून खांद्यांशी टाचावा लागे. म्हणजे सगळे कसब शिवण लपवून नेसल्याचा भास निर्माण करण्यात होते. आज आपल्याकडे लग्नसराईत शिवलेली नऊवारी मिळते. तिच्यात पायघोळ काष्टा तयार असतो आणि ती घातली की नेसल्यासारखी दिसते. या झग्यांची युक्ती थोडीफार तशीच होती.

रंगाचीही तीच गत आहे. ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले होते आणि ग्रीक स्त्रिया केशरी, जांभळी, किनारींची वस्त्रे वापरत. जमिनीतून वर आलेल्या संगमरवराचा रंग उडालेला होता, म्हणून युरोपने पांढऱ्याला अभिजात मानले.

कापड कोठून येत असे?

ग्रीक दिसणाऱ्या या पोशाखाचे सूत बऱ्याच अंशी बंगालचे होते. ढाका आणि आसपासच्या भागात मेघनेच्या काठी पिकणाऱ्या ‘फुटी’ नावाच्या कापसापासून अतिशय तलम धागा काढला जाई. धागा तुटू नये म्हणून स्त्रिया सकाळच्या दमट हवेत सूत कातत. मलमलीच्या जातींना ‘आब-ए-रवाँ’, म्हणजे वाहते पाणी, आणि ‘शबनम’, म्हणजे दव, अशी नावे होती. युरोपीय भाषांत या कापडाचे नाव मोसूल शहरावरून पडले, ही व्यापाराने केलेली आणखी एक चूक.

भारतीय सुती कापडाने याआधीही युरोपला घाबरवले होते. छापील छिटांवर फ्रान्सने १६८६ ते १७५९ या काळात बंदी घातली होती. इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून भारतीय व नंतर सुती छापील कापडांचा वापर रोखला आणि ते निर्बंध १७७४ मध्ये उठवले. दरम्यान तेथील यंत्रे शिकत होती. सॅम्युअल क्रॉम्प्टन यांनी १७७९ च्या सुमारास लँकेशरमध्ये ‘म्यूल’ हे कताईयंत्र तयार केले आणि त्यावर प्रथमच मलमलीइतके बारीक सूत मोठ्या प्रमाणावर निघू लागले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांनी १७८० च्या दशकात क्लोरीनने कापड पांढरे करण्याची रीत शोधली, त्यामुळे कुरणावर आठवडेच्या आठवडे उन्हात कापड पसरून ठेवण्याची गरज उरली नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांचे सरकी काढणारे यंत्र अमेरिकेत आले आणि तेथील गुलामांच्या श्रमावर उभी असलेली कापसाची शेती झपाट्याने वाढली. निरागसतेचे प्रतीक म्हणून मिरवलेला पांढरा झगा या सगळ्या साखळीच्या शेवटी उभा आहे. ढाक्याच्या मलमलीवर ब्रिटनमध्ये जबर जकाती बसल्या, आणि १८२० च्या दशकापासून यंत्रावरचे सूत उलट बंगालमध्येच येऊन उतरू लागले. ज्या फॅशनने ढाक्याचे नाव युरोपभर नेले, तिच्याच काळात तेथील विणकरांचा धंदा बसला.

पांढरा रंग स्वस्त आणि समतेचा होता ना?

तसा दावा केला जाई. प्रत्यक्षात पांढरी मलमल स्वच्छ ठेवण्यासाठी धोबीण, इस्त्री आणि भरपूर बदलायचे कपडे लागत. जमिनीवर लोळणारे पांढरे शेपूट हेच मुळी गाडीतून फिरणाऱ्या बाईचे लक्षण होते. बाजारात बसणारी किंवा शेतात राबणारी स्त्री पूर्वीप्रमाणेच जाकीट आणि घागऱ्यात होती. तिच्या घागऱ्याची कंबर फार तर थोडी वर सरकली. छापील सुती कापड मात्र खरोखर खालच्या थरांपर्यंत पोहोचले आणि तोच या काळाचा अधिक टिकाऊ बदल म्हणता येईल.

शालींचे एवढे कौतुक कशासाठी?

थंडीसाठी तर होतेच, पण त्याहून अधिक प्रतिष्ठेसाठी होते. काश्मिरी शाली इंग्लंडमध्ये कंपनीच्या नोकरांमार्फत अठराव्या शतकातच पोहोचल्या होत्या. फ्रान्समध्ये त्यांची लाट नेपोलियनच्या १७९८ ते १८०१ च्या इजिप्त मोहिमेनंतर आली. जोसेफीनचे त्यांवरचे वेड प्रसिद्ध होते. आन्त्वान-जाँ ग्रो यांनी काढलेल्या तिच्या व्यक्तिचित्रात तर झगाही शालींचा आणि खांद्यावरही शाल असा थाट आहे. साध्या पांढऱ्या झग्यावर रंगीत कोयरीची किनार उठून दिसे आणि शाल कशी पांघरावी, हे शिकणे तरुणींच्या शिष्टाचाराचा भाग झाले.

त्याच वर्षांत पेशवाईच्या दरबारात शालजोडी हा सन्मानाचा अहेर होता आणि तो बहुतांशी पुरुषांच्या खांद्यावर पडे. काश्मीरच्या एकाच मागावरील वस्त्र पुण्यात मान दाखवी, पॅरिसमध्ये नवऱ्याची ऐपत. मागणी इतकी वाढली की स्कॉटलंडमधील पेझ्ली गावात नकली शाली विणल्या जाऊ लागल्या, आणि आपल्या कोयरीला जगभर त्या गावाचे नाव पडले. आजही कापडाच्या दुकानात ‘पेझ्ली डिझाइन’ म्हणून कोयरीच दाखवली जाते, हे थोडे खटकते.

आत काही घालत नसत, आणि झगे ओले करून अंगाला चिकटवत, हे खरे का?

ओल्या मलमलीची गोष्ट वारंवार सांगितली जाते, परंतु तिला भरवशाचा समकालीन आधार नाही. बहुतेक अभ्यासक तिला निंदकांनी आणि व्यंगचित्रकारांनी वाढवलेली कथा मानतात. आत शमीज, बहुधा आखूड व मऊ काचोळी आणि एखादा परकर असेच. पाठीला ताठ ठेवणाऱ्या काचोळीऐवजी छाती वर उचलणारी काचोळी आली, म्हणजे आधार गेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. गुडघ्याखालपर्यंतचे विजारीसारखे आतले कपडे स्त्रियांमध्ये रुजू लागले ते याच काळात, कारण पातळ कापडाला त्याची गरज होती.

गिलोटिनवर गेलेल्यांच्या नातेवाइकांनी गळ्यात लाल फीत बांधून नाचलेल्या ‘बळींच्या मेजवान्या’ हीदेखील बहुधा नंतरच्या पिढीने रंगवलेली दंतकथा आहे.

थंडीचे काय करत?

कोट चढवत. ‘स्पेन्सर’ हे छातीखालीच संपणारे आखूड जाकीट होते. अर्ल स्पेन्सर यांच्या कोटाची शेपटे जळाली आणि त्यांनी ती कापून टाकली, त्यावरून ते नाव पडल्याचा किस्सा सांगतात. ‘पलीस’ हा लांब, पुष्कळदा केसाळ कातड्याचा काठ लावलेला कोट होता.

हातात पिशवी घेण्याची पद्धत याच काळात आली का?

बऱ्याच अंशी होय. त्याआधी स्त्रिया कमरेला नाडीने बांधलेले मोठे खिसे घागऱ्याखाली ठेवत आणि शिवणीतील चिरेतून त्यांत हात घालत. रुंद घागऱ्यात ते खपून जात. पातळ, सरळ झग्यात मात्र किल्ल्या, सुया आणि नाणी बाहेरून दिसू लागली. मग नाडीचा बटवा हातात आला, त्याला ‘रेटिक्यूल’ म्हणत. पॅरिसमधील टवाळांनी त्याचे ‘रिडिक्यूल’, म्हणजे हास्यास्पद, असे रूपांतर केले. कमरेला असलेली मालमत्ता हातात आली, आणि घरगुती किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईची जागा फॅशनच्या चित्रांत हात मोकळे नसलेल्या बाईने घेतली.

नेपोलियनने या पोशाखाला प्रोत्साहन दिले की विरोध केला?

दोन्ही. त्याला उंच कंबर मान्य होती, मलमल नको होती; कारण मलमल म्हणजे इंग्लंडचा नफा. २ डिसेंबर १८०४ च्या राज्याभिषेकासाठी इझाबे या चित्रकाराने आराखडे केले आणि लेरुआ या शिंप्याच्या दुकानात जोसेफीनचे कपडे तयार झाले. रेषा तीच उंच कमरेची, पण कापड साटीन आणि मखमल, त्यावर सोन्याचे भरतकाम आणि खांद्यांपासून मागे लोळणारा जड पदर. लियाँच्या रेशीमउद्योगाला काम मिळावे म्हणून दरबारात रेशीम वापरण्याचा आग्रह धरला गेला. पांढऱ्या प्रजासत्ताकी झग्याचे दहाएक वर्षांत साम्राज्याच्या गणवेशात रूपांतर झाले, आणि आज या संपूर्ण शैलीला ‘एम्पायर’ हेच नाव आहे, ज्या साम्राज्याने तिच्यातील साधेपणा काढून घेतला त्याचे.

इंग्लंडच्या दरबारात तर याहून विनोदी प्रकार होता. राणी शार्लटने दरबारी पोशाखासाठी जुना सांगाडा सोडू दिला नाही. त्यामुळे कंबर छातीखाली आणि लगेच त्याखाली सुरू होणारा अवाढव्य घेर असे चमत्कारिक रूप अनेक वर्षे टिकले. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जने तो नियम रद्द केला.

जुने चित्र किंवा संग्रहालयातील झगा पाहून साल कसे ओळखावे?

कंबर, काठ आणि बाही या क्रमाने पाहावे. सैल चुणीदार पांढरा झगा आणि पट्टा नैसर्गिक कमरेवर असेल, तर तो १७८० च्या दशकातील. कंबर छातीखाली, कापड अगदी मऊ आणि मागे लांब शेपूट असेल, तर १७९५ ते १८०५ च्या आसपास. दिवसाच्या झग्याचे शेपूट गेले, काठ घोट्यापर्यंत आला आणि भरतकाम काठाकडे सरकले, तर १८१० च्या आगेमागे. काठावर झालरी, कापडाच्या वळ्या आणि कंगोरे वाढून घागरा खाली घंटेसारखा फुगलेला आणि कंबर मात्र सर्वांत उंच दिसली, तर तो १८१६ ते १८१९ चा. त्यानंतर कंबर दरवर्षी थोडी खाली उतरते, बाह्या फुगू लागतात, काचोळी पुन्हा आवळते आणि १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंबर जवळपास आपल्या मूळ जागी येते. एक सावधगिरी बाळगावी. जपून ठेवलेले मलमली झगे नंतरच्या काळात दुरुस्त केलेले, उसवून पुन्हा शिवलेले असतात. म्हणून पुढच्या भागापेक्षा पाठीची शिवण अधिक खरे बोलते.